कोडिंग नको, म्हणून स्क्रम मास्टर?

पत्र कागल तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारी मुलगी कोल्हापुरात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये कामाला आहेत. आई घरच्या तीन म्हशी सांभाळते आणि दूध गावच्या संस्थेला घालते. चौघांच्या ग्रुपनं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून त्याच दूध संस्थेचं सॉफ्टवेअर करायला घेतलं आहे. ती लिहिते: ‘पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, तुझं बोलणं चांगलं आहे, कोडिंगच्या नादी लागू नकोस, स्क्रम मास्टर हो. दोन दिवसांचा कोर्स आहे. फी ऐकून पप्पा गप्प बसले, पण नाही म्हणाले नाहीत. मला तर ॲजाइल म्हणजे काय हेच नीट कळलेलं नाही. प्रोग्रॅम अडकला की मला रडू येतं. म्हणजे कोडिंग माझ्यासाठी नाही असं समजायचं का? कोर्स करू का?’

प्रिय मुली,

आधी कोर्सचं सांगते, म्हणजे घरातला घोर मिटेल. ती फी आत्ता भरू नकोस. चुलतभाऊ खोटं बोलत नाही. स्क्रम मास्टरला स्वतः कोड लिहावा लागतोच असं नाही, हे खरं. पण ते काम आहे अडलेल्या टीमची वाट मोकळी करण्याचं. जी कधी टीममध्ये बसून अडलेली नाही, तिच्या हातात कंपनी टीम कशी देईल? मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘तुमच्या टीममध्ये भांडण झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ त्याचं उत्तर दोन दिवसांच्या कोर्सात मिळत नाही.

आता ॲजाइल म्हणजे काय. आज संध्याकाळी पप्पांना विचार, की नव्या जॉबचं सेटिंग लावल्यावर ते पहिल्या नगाचं काय करतात. पहिला नग काढतात, गेज लावून तपासतात, तो पास झाल्याशिवाय पुढचे नग लावत नाहीत. पाचशे नग कापून झाल्यावर बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झालाय हे कळणं कुणालाच परवडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र बरीच वर्षं नेमकं तेच चालायचं. आधी सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग सगळं डिझाइन, मग सगळं कोडिंग, शेवटी टेस्टिंग, आणि वर्षभरानं गिऱ्हाईकाला दाखवायचं. पायरीपायरीनं खाली उतरणाऱ्या या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात. तुझ्या पुस्तकात त्याची आकृती असेलच.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथं सॉफ्टवेअरमधली 17 माणसं जमली आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. ॲजाइल हे नाव तिथं ठरलं. त्यात चारच मुख्य गोष्टी आहेत. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं मोठं. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं. करारावर घासाघीस करण्यापेक्षा गिऱ्हाईकाला बरोबर घेणं मोठं. आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोठं. आणि खाली एक वाक्य आहे, ते मुलं वाचतच नाहीत: दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे, पण पहिल्या बाजूला आम्ही जास्त मानतो. ‘ॲजाइल आहे, म्हणजे लिहून ठेवायची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यानं हे वाक्य वाचलेलं नाही असं समज.

हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एका पतसंस्थेसाठी पिग्मीचं सॉफ्टवेअर केलं. आठ महिने आम्ही ऑफिसात बसून स्क्रीन बनवल्या. एका खात्याच्या नोंदीला सात रकाने भरायचे होते, आणि आम्हाला वाटत होतं किती व्यवस्थित काम झालंय. ते घेऊन मी पहिल्यांदाच पिग्मी एजंटाबरोबर बाजारात फिरले. दुकानदारासमोर चार गिऱ्हाइकं उभी, त्यानं गल्ल्यातून शंभराची नोट काढून हात पुढे केलेला, एजंटाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आमचं यंत्र. अर्ध्या मिनिटात नोंद करून पावती द्यायची. तिसऱ्या दुकानात एजंटानं यंत्र पिशवीत टाकलं आणि खिशातली जुनी वही काढली. मला काहीच बोलता आलं नाही. आठ महिन्यांत एक दिवस, फक्त एक दिवस, आम्ही त्याच्याबरोबर फिरलो असतो तर पुरलं असतं.

म्हणून तुमचा प्रोजेक्ट दूध संस्थेचा आहे हे वाचून मला खरंच आनंद झाला. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं तो माणूस तुझ्या घरापासून पाच मिनिटांवर बसतो.

ॲजाइल ही विचार करायची रीत. ती कामात उतरवायच्या ज्या पद्धती आहेत त्यांत सगळ्यात जास्त चालणारी म्हणजे स्क्रम. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी ती 1995 मध्ये लोकांपुढे मांडली. हा शब्द रग्बीतला. खेळाडू खांद्याला खांदा लावून एकत्र रेटतात, तो स्क्रम. स्क्रममध्ये तीनच भूमिका आहेत, आणि तू गोंधळली आहेस ती इथंच. या भूमिका म्हणजे पदं नव्हेत. कोण कशाला उत्तरदायी, एवढंच त्यातून ठरतं.

पहिली भूमिका प्रॉडक्ट ओनर. काय करायचं, आणि त्यातलं आधी काय, हे ठरवणारी एक व्यक्ती. एकच, कमिटी नाही. तुमच्या चौघांत ही तू हो. तू त्या घरातली आहेस जिथं दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं. पण घरातली आहेस म्हणून सगळं माहीत आहे असं मानू नकोस. चार दिवस सकाळी सहाला संस्थेत जा आणि वही घेऊन कोपऱ्यात बस. तिथं नाव कुणी विचारत नाही, कोड नंबर सांगतात. माप घेणाऱ्याचे हात ओले असतात, तो कीबोर्डला हात लावणार नाही. म्हशीचं आणि गाईचं दूध वेगळं, दोघांचा दर वेगळा. एखादं पोरगं दोन किटल्या घेऊन येतं, एक घरची आणि एक शेजारच्या आजीची, आणि दोन पावत्या मागतं. फॅट कमी लागली की लोक तिथंच हुज्जत घालतात, तेव्हा मागच्या पाळीचा आकडा लगेच समोर दिसायला हवा. यातलं एकही कॉलेजच्या लॅबमध्ये बसून सुचणार नाही.

हे सगळं एकाखाली एक लिहून काढ. हीच प्रॉडक्ट बॅकलॉग. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. सकाळ-संध्याकाळच्या दुधाची नोंद आणि पावती सगळ्यात वर. मग दहा दिवसांचं बिल, त्यातली पशुखाद्याची आणि उचलीची कपात. दिवाळीला वाटायचा दरफरक खूप नंतर. ग्रुपमधला एखादा म्हणेल, ‘मोबाइल ॲप करूया, भारी दिसेल.’ ते सगळ्यात खाली लिही. नाही म्हणू नकोस, खाली लिही. प्रॉडक्ट ओनरचं निम्मं काम हेच आहे.

दुसरी भूमिका डेव्हलपर्स. इथं मुलं फसतात. स्क्रममध्ये डेव्हलपर म्हणजे फक्त कोड लिहिणारा नव्हे. स्क्रीनची रचना करणारा, टेस्टिंग करणारा, डेटाबेस सांभाळणारा, प्रत्यक्ष वस्तू तयार करायला हात लावणारे सगळे डेव्हलपर्स. पूर्ण स्क्रम टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची असते. चौघांत कामं वाटताना कुणी एकच भूमिका धरून बसणार नाही. तूही कोड लिहायचा आहेस.

तिसरा स्क्रम मास्टर. हा मॉनिटर नव्हे, हजेरी घेणारा नव्हे, साहेब तर नाहीच. टीम पद्धत नीट पाळते ना हे तो बघतो आणि वाटेतले अडथळे काढतो. लॅब पाचला बंद होते? सरांकडून सातपर्यंतची परवानगी आणायची. पावतीचा छोटा प्रिंटर नाही? संस्थेचा जुना पडून आहे का हे विचारायचं. दोघं एकाच फाइलवर काम करून एकमेकांचं पुसतायत? त्यांना एका बाकावर बसवायचं. तुमच्यातला जो कमी बोलतो आणि ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे, त्याला हे काम द्या. बोलणं चांगलं म्हणून स्क्रम मास्टर, हा चुलतभावाचा हिशोब मला पटत नाही. या कामात ऐकावं जास्त लागतं.

काम छोट्या ठरलेल्या मुदतीत करायचं, तिला स्प्रिंट म्हणतात. ती एक महिन्यापेक्षा मोठी नसते. तुम्ही एकेका आठवड्याची ठेवा. रविवारी तासभर बसून या आठवड्यात काय पुरं करायचं ते ठरवा आणि भिंतीवर तीन रकाने आखा: करायचं, चालू, झालं. एकेका कामाची चिठ्ठी करून चिकटवा. ‘चालू’मध्ये एका वेळी चारपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. कामं मर्यादेत ठेवायची ही सवय कानबानमधली. कानबान म्हणजे टोयोटाच्या कारखान्यात सुरू झालेली कार्डांची पद्धत. मशीन शॉपमध्ये पप्पांच्या कानावर हा शब्द आला असेल. आणि ‘झालं’ कधी म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं’ म्हणजे झालं नाही. दुसऱ्यानं तपासलं, चुकीचा कोड नंबर घालून पाहिलं, पावतीवरची बेरीज हातानं करून जुळली, मग झालं. दुधाचा पैसा आहे, रुपयाचा फरक आला तरी संस्थेत कुणी तुमचं तोंड बघणार नाही.

शनिवारी संध्याकाळचं संकलन संपलं की लॅपटॉप घेऊन सचिवांकडे जा आणि जेवढं झालंय तेवढं त्यांच्या हातात द्या. तुम्ही माउसला हात लावू नका. ते कुठं थांबतात, कुठं चश्मा वर करून बघतात ते टिपा. हा रिव्ह्यू. मग चौघंच बसा आणि बोला, या आठवड्यात आपलं एकमेकांशी काय बिनसलं, पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट बदलायची. याला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात. कंटाळा आला की लोक पहिल्यांदा हेच गाळतात. तुम्ही गाळू नका.

रोजची बैठक पंधरा मिनिटांची. पहिल्या लेक्चरच्या आधी कँटीनच्या कट्ट्यावर घेतली तरी चालेल. आता तुझ्या रडू येण्याकडे येते, कारण त्याचं उत्तर याच पंधरा मिनिटांत आहे. प्रोग्रॅम अडकणं हा कोडिंगचा रोजचा भाग आहे. वीस वर्षं काम केलेल्या माणसाचाही अडकतो. फरक एवढाच की तो दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतो, ‘बिलातली कपात दोनदा वजा होतेय, कालपासून अडकलोय, कुणीतरी अर्धा तास बसा माझ्याबरोबर.’ तू एकटी रात्री अकराला खोलीत बसून रडतेस, कारण ते सांगायची जागाच तुला कुणी दिलेली नाही. ती जागा म्हणजे ही बैठक. महिनाभर हे करून बघ, मग ठरव कोडिंग तुझं आहे की नाही. तेव्हाही नको वाटलं तर टेस्टिंगकडे किंवा बिझनेस ॲनालिस्टच्या, म्हणजे गिऱ्हाईकाला काय हवं ते समजून टीमला सांगणाऱ्याच्या, कामाकडे जाता येतं, आणि संस्थेत बसून भरलेली वही तिथं तुझ्या उपयोगी पडेल. पण रडू आलं म्हणून आज निर्णय घेऊ नकोस.

नोकरीत गेलीस की चित्र थोडं वेगळं दिसेल, तेही सांगून ठेवते. कंपन्यांत प्रोजेक्ट मॅनेजर असतो, टीम लीड असतो, बिझनेस ॲनालिस्ट असतो. ही नावं स्क्रममध्ये नाहीत, पण पगाराच्या चिठ्ठीवर असतात. कुठं कुठं पंधरा मिनिटांची बैठक पाऊण तास चालते आणि एकेक जण साहेबाला हिशोब देतो. असं दिसलं तर ॲजाइल वाईट असं म्हणू नकोस. तिथं नाव घेतलंय, पद्धत घेतलेली नाही.

सर्टिफिकेटचा विषय दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर काढ. तेव्हा दोन मोठे पर्याय असतील, दोन वेगळ्या संस्थांचे. स्क्रम अलायन्सच्या सर्टिफिकेटसाठी त्यांचा कोर्स करावाच लागतो आणि ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. स्क्रम डॉट ऑर्गच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेला कोर्सची सक्ती नाही, घरी अभ्यास करून देता येते आणि ते सर्टिफिकेट संपत नाही. अभ्यासाला लागणारी अधिकृत स्क्रम गाइड नोव्हेंबर 2020 ची आहे, पंधरा पानांच्या आतली आणि फुकट. ती मात्र आत्ताच वाच. पहिल्या वाचनात कोरडी वाटेल. एक स्प्रिंट झाल्यावर परत वाच.

प्रोजेक्ट जमला तर बायोडेटात ‘ॲजाइलचं ज्ञान’ असं मोघम लिहू नकोस. लिही, ‘दूध संस्थेसाठी चौघांनी इतके स्प्रिंट केले, सचिवांच्या सांगण्यावरून पावतीची स्क्रीन इतक्या वेळा बदलली.’ आकडे खरे असू देत. समोरचा त्यावरच प्रश्न विचारील आणि तुला पाठ करून काही बोलावं लागणार नाही.

वडिलांना आजच सांग, फी भरायची नाही. ते गप्प बसले याचा अर्थ ते कुठून तरी पैसे उभे करायच्या विचारात असतील. आणि पहिल्या शनिवारी सचिवांकडे जाताना आईला बरोबर ने. पहिली पावती तिचा कोड नंबर घालून काढ, आणि तिला वाचायला दे.