ओट्यावरची वाटी आणि कोयनेचा भूकंप

या खेपेला अठरा पत्रं आली. त्यातली अकरा ‘बोअर कुठे मारू’ एवढंच विचारणारी. माणसांनो, कराडात घरी बसून मला तुमच्या शेतातलं पाणी दिसत नाही. दिसलं असतं तर भूजल खात्याच्या पेन्शनवर मी कशाला राहिलो असतो? तरी त्यातलं एक पत्र खाली घेतलंय, कारण त्यात नारळ आहे. पण सुरुवात पाटणपासून.

‘स. न. वि. वि. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, ता. पाटण. दरवर्षी पावसाळा सरता सरता भांडी वाजतात, कधी पत्रा थडथडतो. शेजारचे म्हणतात, सरकारनं तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, त्यानं जमीन चाळवली. चुलते म्हणतात, धरणाच्या वजनानं होतं. आजोबा म्हणायचे, पूर्वीही व्हायचं. खरं काय? आणि पुन्हा ६७ सारखा होईल का?’

शेजाऱ्यांचं आधी मिटवू. कोयना भागात गोठण्याला २०१७ साली तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाली, हे खरं. पण धक्के १९६२-६३ पासूनचे आहेत. भोक त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी पडलं. चोरीनंतर आलेल्या हवालदारालाच चोर म्हटल्यासारखं झालं हे. ती बोअर कराडजवळच्या हजारमाचीच्या सरकारी भूभौतिक प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली झाली. भूकंप जिथे जन्मतो तिथल्या खडकापर्यंत जाऊन तिथला दाब, तिथलं तापमान, तिथल्या भेगा बघायच्या, आणि पुढे सहा किलोमीटरपर्यंत उतरायचं, असा बेत.

मात्र शेजारी अगदीच वेडे नाहीत. नुसत्या भोकानं काही होत नाही, पण भोकातून दाबानं पाणी ढकललं तर होतं. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या एका कारखान्यानं १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सांडपाणी रेटायला सुरुवात केली आणि जिथे कधी फारसं हललं नव्हतं तिथे धक्के सुरू झाले. गोठण्याला कुणी पाणी रेटत नाही.

आता चुलते. वजनाची गोष्ट पटकन पटते, कारण आकडा मोठा आहे. कोयनेचं धरण भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३०० कोटी टन पाणी. पण हे पाणी पसरलेलं असतं. शंभर मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. उलट पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब दर चौरस सेंटिमीटरला तेराशे किलोच्या पुढे जातो. तेराशेत दहाची भर, म्हणजे बैलगाडीत आणखी एक पेंढी टाकल्यासारखं. मग एवढ्यानं जमीन का हलावी?

आज रात्री भांडी घासताना एक करून बघा. स्टीलची वाटी कढत पाण्यातून काढा आणि ओल्या ओट्यावर पालथी घाला. हात लावू नका. क्षणभर वाटी गप्प राहते, मग कुणी ओढल्यासारखी आपली आपण सरकायला लागते. आमच्या घरी नातवंडं हिला ‘भुताची वाटी’ म्हणतात. आत कोंडलेली हवा तापते, फुगते आणि वाटीला खालून किंचित उचलून धरते. कडेला ओट्यावरचं पाणी असतं, त्यामुळे हवेला बाहेर पडायला वाट नसते. वाटीचं वजन तेवढंच राहतं, पण ओट्यावर पडणारा तिचा भार कमी होतो, घर्षण सुटतं आणि ओट्याला जो मुळातला थोडा उतार आहे तेवढाच तिला पुरतो.

कोयनेखाली हेच चाललंय. उतार तिथे आधीपासून आहे. भारताचा सगळा तुकडा उत्तरेला रेटला जातोय आणि तो ताण आपल्या पायाखालच्या जुन्या भेगांत साठून आहे. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून बसल्यात म्हणून सरकत नाहीत. धरणाचं पाणी भेगांतून झिरपत, किंवा निदान त्याचा दाब भेगांतल्या आधीच्या पाण्यातून पुढे सरकत, खाली पोचतो आणि त्या दोन बाजूंना किंचित अलग धरतो. दहा किलो तिथे पुरतात. वजन दुय्यम, खरी करामत भेगेतल्या दाबाची. आणि दाबाला खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून धक्के धरण भरताना कमी आणि भरल्यावर, सप्टेंबरच्या सुमाराला, जास्त. पुन्हा डिसेंबरच्या आगेमागे एक खेप येते. पाणी किती उंच चढलं एवढ्यावर हे ठरत नाही. किती झपाट्यानं चढलं आणि किती दिवस वर राहिलं, यालाही महत्त्व आहे. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं नोंदी जुळवून हे दाखवलं.

याला दुजोरा मिळाला आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून. शिराळ्याकडे चांदोलीला वारणेचं धरण १९८५ पासून भरू लागलं आणि पुढच्या काही वर्षांत धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडे पसरला. सगळा खेळ साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यातला. साठ वर्षं एकाच जागी इतक्या चिकाटीनं चाललेले असे धक्के जगात दुसरीकडे सापडायचे नाहीत. आफ्रिकेत करिबा धरणापाशी, ग्रीसमध्ये क्रेमास्ताला असेच सहाच्या पुढचे भूकंप झाले, पण ते पुढे निवले. आपला निवत नाही.

आजोबांना मी खोटं पाडणार नाही. धरणाआधी तिथे मोजायला यंत्रंच नव्हती. भेगा होत्या, ताण होता, तेव्हा अधूनमधून हललंही असेल. धरणानं भूकंप पैदा केला नाही, त्याला निमित्त दिलं. शास्त्रज्ञही ‘प्रेरित’ असाच शब्द वापरतात.

आता ६७. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, तीव्रता ६.३. मी तेव्हा तिसरीत, माण तालुक्यातल्या आमच्या गावी. इतक्या लांबही आईची उतरंड कोसळली. सर्वात खालच्या रांजणात ज्वारी होती. अंधारात पायाला दाणे लागत होते आणि आई ‘हलू नका, खापरं लागतील’ म्हणून ओरडत होती, एवढं पक्कं आठवतं. पुढे पंधरा दिवस आम्ही खळ्यात झोपलो. कोयनेकडे सुमारे १८० माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली. धरणाला वरच्या भागात आडव्या चिरा गेल्या, पुढे त्याला मागून काँक्रीटचा आधार दिला. धरणाच्या अंगातच बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट हिसका नोंदवला. जगभरचे धरण बांधणारे इंजिनिअर आजही तो आलेख घेऊन आपली गणितं तपासतात.

पुन्हा होईल का? तारीख सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्यानंतर पाच किंवा त्याहून मोठे वीसेक झाले, सहाच्या पुढचा एकही नाही. पण ताण संपला, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. घर बांधत असाल तर दगडाच्या भिंतीत दर थोड्या अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घाला आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराभोवती आरसीसीची सलग पट्टी फिरवा. नुसता मातीत रचलेला जाड दगड मजबूत वाटतो, पण हिसक्याला तो दोन पापुद्र्यांत फाटतो. ६७ ला तेच झालं.

जाता जाता एक सांगतो. इथल्या पंधराशे मीटरच्या एका बोअरचा गाभा मी हातात घेऊन पाहिलाय. मनगटापेक्षा जाड नळकांडं. वरून आपला काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मग एका जागी काळा सरतो आणि करडा, गुलाबी ठिपक्यांचा ग्रॅनाइट सुरू होतो, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. गोठण्याला हा सांधा सुमारे १२४७ मीटरवर लागला. मध्ये वाळू नाही, गाळ नाही, काही नाही. त्या सांध्यावर मी अंगठा ठेवून बघितला. दोन्ही दगड सारखेच गार.

‘काका, जत तालुक्यात आमची साडेतीन एकर. तीन बोअर मारल्या: ४००, ६२० आणि ८०० फूट. तिन्हीतून नुसती भुकटी. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून तिसरा पॉइंट दिला होता, नारळ उभा राहिला होता. बांधापलीकडे तीस फुटांवर चुलतभावाला १८० फुटांत दोन इंची पाणी लागलं. असं कसं?’

नारळाला हसायचा अधिकार मला नाही. १९८६ साली वडिलांच्या रानात मी स्वतः खात्याचं यंत्र लावून पॉइंट काढला. चार खुंट्या जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांत मोजायची. कोरडा कातळ विजेला अडवतो, ओला मुरूम वाट देतो. आकडे बघून मी छातीठोक सांगितलं. २६० फूट, कोरडी. गावच्या पाणाड्यानं बेचकी फिरवून दाखवलेल्या जागी पुढे विहीर काढली, तिला पाणी लागलं. तीस-पस्तीस वर्षं झाली, अजून लग्नाकार्यात ही गोष्ट निघते.

पण पाणाड्याचं गुपित त्याच्या हातात नव्हतं, डोळ्यांत होतं. तो ओढ्याच्या वळणाला, उंबराजवळ, सखलात फिरायचा. मी मात्र वडिलांच्या हट्टापायी घराजवळच्या उंचवट्यावर यंत्र मांडलं होतं.

आपल्याकडे जमिनीखाली नद्या-बिद्या वाहत नाहीत. एकावर एक लाव्ह्याचे थर आहेत. घट्ट काळ्या कातळात पाणी शिरतच नाही, त्याच्या भेगांत शिरतं. थराच्या माथ्याकडचा मांजऱ्या, म्हणजे ठिपक्या-भोकांचा खडक, कुजला की पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो चिकणा, पाणी खाली जाऊ देत नाही, त्याच्या डोक्यावरून ते बाजूला पाझरतं. सप्टेंबरात वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात हे उघड्यावर दिसतं. लाल रेघ आणि तिच्या वरच ओली कड.

तीस फुटांचा फरक भेगेचा आहे. भावाची बोअर भेगेवर बसली, तुमची दोन भेगांच्या मधल्या कातळात. आणि १८० फुटांत जे नाही ते ८०० ला लागेल ही आशा महागात पडते. खोल गेलं की वरच्या वजनानं भेगा मिटत जातात, पावसाचं पाणी तिथवर पोचतही नाही. ८०० फूट मारणाऱ्या गाडीवाल्याचं मीटर फुटावर चालतं, पाण्यावर नाही. आमच्या एका नातेवाइकाला एकानं ‘अजून शंभर, अजून शंभर’ करत हजारापर्यंत नेलं. नातेवाइकाचा ट्रॅक्टर गेला.

चौथी मारू नका. आसपासच्या जुन्या विहिरी एप्रिलात बघा, आत वाकून. कोणत्या थरातून, किती फुटांवर, कोणत्या अंगानं ओल येते ते वहीत टिपा. तुमची जुनी विहीर असेल तर त्याच थरात, ओल येते त्या दिशेनं आडवी बोअर घ्या. पन्नास-साठ फूट आडवं गेलं की उभ्या बोअरपेक्षा जास्त उभ्या भेगा कापल्या जातात. आणि भावाशी बोलत असाल तर त्याचं दोन इंची दोघांत वाटून घ्या. भेग एकच असेल तर तुमची बोअर लागली तरी त्याची आटेल.

‘सर, मी नववीत आहे, सातारा. अजिंक्यताऱ्यावर होकायंत्र एका दगडाजवळ नेलं तर काटा पुष्कळ फिरला. यंत्र बिघडलं का?’

नाही, दगड चुंबक आहे. आपल्या कातळात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्यांनी त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकत्व धरून ठेवलं. डोंगरमाथ्यावरच्या दगडावर कधी वीज पडली असेल तर तो फार जोरात ओढतो. तुला मिळालेला तसला असावा.

गंमत पुढेच आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात खालच्या थरांतलं चुंबकत्व उलटं आहे, वरच्यांतलं आजच्यासारखं. लाव्हा वाहत असतानाच्या काळात पृथ्वीचे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुव पालटले, आणि ते या डोंगरात नोंदलं गेलंय. याच दगडांतला चुंबकत्वाचा झुकाव मोजून १९५० च्या दशकात इंग्लंडच्या संशोधकांनी दाखवलं, की हा लाव्हा आला तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. म्हणजे अजिंक्यतारा तिकडून इथवर चालत आलाय. पुढच्या खेपेला होकायंत्र दगडापासून दोन पावलं लांब धर आणि दोन्ही वेळचा काटा वहीत काढून पाठव.

‘खाणीत सापडलेल्या चमकदार खड्याचा फोटो पाठवतोय. हिरा आहे का?’ (मिरज)

नाही. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. नाही उठला आणि पापुद्र्यावर मोत्यासारखी झाक असली तर झिओलाइट, आपल्या कातळाच्या पोकळ्यांत ढिगानं मिळणारं.

फोटो पाठवताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवत जा. मागच्या महिन्यात एकाच्या फोटोवरून मी ‘खडक फोडू नका, तालुक्याला कळवा’ असं कळवून बसलो. तो दगड सुपारीएवढा निघाला.