लेगोचा ट्रॅव्हर्सर: पहिल्यांदा बांधणाऱ्यासाठी

मित्रा, ट्रॅव्हर्सर म्हणजे इंजिन एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणारा, आडवा सरकणारा पूल. मोटर नंतर बघ. आधी तुझं सगळ्यात लांब इंजिन मोज. एक सरळ रूळ 16 स्टडचा (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा, लेगोत लांबी त्यातच मोजतात) असतो, त्यामुळे सरकत्या पुलावर बहुतेक वेळा दोन रूळ, म्हणजे 32 स्टड लागतातच. पूल मधे वाकतो, म्हणून खाली लेगो टेक्निकचे बीम (भोकांच्या लांब पट्ट्या) उभे लाव. यात कंजुषी नको.

खरी डोकेदुखी रुळांच्या टोकांची. जोडणीच्या जिभा बाहेर आलेल्या असतात आणि पूल आडवा सरकताना त्या अडकतात. जिभा एकमेकींना न घासता जातील एवढीच फट ठेव, जास्त ठेवलीस तर चाक आपटतं. उंचीत फरक असेल तर एकेक प्लेट (पातळ वीट), म्हणजे 3.2 मिमी, घालून जुळव. पूल ज्यावर सरकतो त्या सरकपट्टीला गुळगुळीत टाइल (स्टड नसलेली प्लेट) लाव.

चालवायला वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर), 8 दाती गिअर आणि दातेरी पट्टी घे. पूल ढकलून वर्म उलटा फिरत नाही, त्यामुळे पूल थांबवला तिथेच राहतो; मला हे फार आवडतं. वर्मच्या एका फेऱ्याला पूल एक दात सरकतो; चार स्टडच्या पट्टीला 10 दाते, शेजारचा मार्ग 16 स्टडवर, म्हणजे वर्मचे बरोबर 40 फेरे. आधी हाताने फिरवून मोज.