वैद्यकीय उपकरणांचा पुरवठा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या खेपेला आलेल्या बहुतेक प्रश्नांमागे एकच दुखणं आहे : गोदाम भरलेलं आहे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी नेमकं हवं ते नाही.

प्रश्न : आम्ही गुडघ्याच्या सांधेरोपणाचे इम्प्लांट पुरवतो. एकूण साठा सहा महिने पुरेल इतका आहे, तरी दर आठवड्याला कुठल्या तरी मापासाठी धावपळ होतेच. चुकतंय कुठे?

तुम्ही नग मोजताय. रुग्णालयाला सेट लागतो. समजा सेटमध्ये 20 प्रकारचे नग आहेत आणि प्रत्येक नग 98 टक्के वेळा गोदामात हजर असतो. ऐकायला छान वाटतं. पण वीसच्या वीस एकाच वेळी हजर असण्याची शक्यता म्हणजे 0.98 चा विसावा घात, जेमतेम 67 टक्के. तीन सेटांमागे एक अपुरा! सेट 95 टक्के वेळा पूर्ण हवा असेल, तर प्रत्येक नगाची उपलब्धता 99.7 टक्क्यांच्या वर न्यावी लागते.

इतकी उपलब्धता सगळ्या मापांसाठी, सगळ्या ठिकाणी ठेवणं परवडत नाही आणि गरजही नाही. मधली मापं पळतात, टोकाची पडून राहतात. मधली प्रत्येक रुग्णालयात भरपूर ठेवा. टोकाची मध्यवर्ती गोदामात एकत्र ठेवा आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली, एक्स-रेवरून मापाचा अंदाज आला की पाठवा. मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर बसणाऱ्या भागांचा अंदाज सहसा एखाद्या मापाने इकडेतिकडे होतो, म्हणून शेजारची मापंही सोबत जाऊ द्या.

दोन्हींच्या मध्ये बसणाऱ्या इन्सर्टचं मात्र तसं नाही. हाडं कापून होतात, ट्रायल (माप बघायचे तात्पुरते नग) बसतात, सर्जन गुडघा वाकवून-सरळ करून ताण बघतात आणि मग जाडी सांगतात. एकदा मी ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) दाराशी उभा असताना आतून ‘बारा’ असा आवाज आला आणि रुग्णालयात पाठवलेल्या सेटच्या पेटीत 12 मिलिमीटरचं खोकं नव्हतं. आदल्या दिवशी वापरलेला नग भरायचा राहून गेला होता. त्याच जाडीचे अकरा नग गोदामात पडून होते. म्हणून इन्सर्टच्या सगळ्या जाड्या प्रत्येक पेटीत हव्यातच, आणि परत आलेली पेटी किती तासांत भरून पुन्हा निघते, हा आकडा रोज कुणीतरी बघायला हवा. माझ्या मते एकूण साठ्याच्या आकड्यापेक्षा तो कितीतरी मोलाचा आहे.

प्रश्न : मागणीचा अंदाज सुधारण्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का? सुरक्षित साठा (अडीअडचणीसाठी ठेवलेला जादा माल) फार वाढलाय.

आधी एक हिशोब करून बघा. आठवड्याला 100 नग लागतात, त्यात प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) 20. लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ) 8 आठवडे, पण तो 2 आठवड्यांच्या विचलनाने मागेपुढे होतो. साधारण 95 टक्के सेवा पातळीसाठी (म्हणजे शंभरातल्या 95 वेळा माल कमी पडू नये यासाठी) नेहमीच्या सूत्राने सुरक्षित साठा येतो सुमारे 343. आता अंदाज अगदी अचूक झाला, मागणीतली अनिश्चितता शून्य झाली असं धरा : साठा 330. म्हणजे 13 नग वाचले. उलट अंदाज आहे तसाच ठेवून लीड टाइम मागेपुढे न होता नेमका 8 आठवड्यांचा केला, तर साठा 93 वर येतो.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण पुरवठादाराने कागदावर लिहिलेले आठवडे सोडून गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक ऑर्डरला खरोखर किती दिवस लागले ते काढा. निर्जंतुक मालात बराच वेळ कारखान्याबाहेरच जातो. माल निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूच्या चेंबरमध्ये पाळी येणं, नंतर वायू निघून जाण्यासाठी माल ठेवणं, तपासणीचे निकाल, मग बॅच मोकळी होणं. अमेरिकेत एफडीएच्या (तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेच्या) मते निर्जंतुक उपकरणांपैकी जवळपास निम्मी याच वायूवर अवलंबून आहेत. 2019 मध्ये इलिनॉयमधला असा एक प्लांट उत्सर्जनाच्या कारणावरून बंद झाला, तेव्हा श्वासनलिकेत बसवायच्या काही नळ्यांचा तुटवडा झाला, लहान मुलांच्या मापांसकट. दुसऱ्या जागी निर्जंतुकीकरण हलवायचं तर प्रक्रिया नव्याने प्रमाणित करावी लागते. ते दोन फोनवर होत नाही. दुसरी जागा गरज पडण्याआधीच प्रमाणित करून ठेवा.

प्रश्न : काही नगांना महिनोन्‌महिने मागणीच नसते. अशा वेळी अंदाजाची टक्केवारीतली चूक कशी मोजायची?

मोजू नका. टक्केवारीसाठी चुकीला प्रत्यक्ष मागणीने भागावं लागतं; शून्याने भागाकार होत नाही, आणि शून्य महिने वगळले तर खरं चित्रच निघून जातं. वर्षात चार वेळा, दर वेळी दोन नग लागले, तर मासिक सरासरी 0.67 येते आणि तिचा उपयोग काही नाही. क्रॉस्टन यांनी 1972 मध्ये सुचवलेली पद्धत दोन प्रश्न वेगळे करते : लागलं की किती लागतं आणि किती अंतराने लागतं. इथे उत्तर दोन नग, तीन महिने. या पद्धतीचा अंदाज थोडा चढा येतो. त्यावरची सिंटेटोस आणि बॉयलन यांची दुरुस्ती आता बऱ्याच नियोजन सॉफ्टवेअरमध्ये असते. अशा नगांसाठी मी एकच गोष्ट मोजतो : मागितला तेव्हा नग होता का?

प्रश्न : तुटवड्याची बातमी आली की रुग्णालयं तिप्पट ऑर्डर टाकतात. माल कसा वाटायचा?

ऑर्डरकडे बघून वाटू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी चौपट ऑर्डर येईल, आणि प्रामाणिकपणे मागणारा उपाशी राहील. तुटवड्याआधीच्या काळातला प्रत्यक्ष वापर धरा, त्यातून पर्यायी उपकरण चालत नाही अशा रुग्णांचा वाटा आधी बाजूला काढा. तिप्पट ऑर्डर पुढच्या अंदाजात जाणार नाहीत याचीही काळजी घ्या, नाहीतर वर्षभराने तोच माल एक्स्पायरीच्या कपाटात दिसेल.

प्रश्न : मी रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये आहे. प्रत्येक खोकं स्कॅन करायला परिचारिका तयार नाहीत. पावतीवरून नोंद करून चालणार नाही का?

पावती सांगते काय आलं. कुणाच्या शरीरात काय गेलं ते सांगत नाही. खोक्यावरच्या यूडीआय (उपकरणाची ओळख सांगणाऱ्या) कोडमध्ये बहुधा 01 नंतर उत्पादनाचा क्रमांक, 17 नंतर एक्स्पायरी आणि 10 नंतर लॉट (बॅचचा क्रमांक) असतो. अमेरिकेने 2013 मध्ये याचा नियम केला, युरोपने 2017 च्या नियमावलीत तो घेतला. उद्या एखादा लॉट परत मागवला, तर ही नोंद असेल तिथे रुग्णांची यादी काही मिनिटांत निघते. नसेल तिथे जुन्या फायली उपसाव्या लागतात, आणि तोवर रुग्ण काहीच न कळता घरी असतो.

परिचारिकांचा हात मोकळा नसतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त इम्प्लांट आणि स्टेंट घ्या. ओटीत एक टोपली ठेवा, रिकामी खोकी कचऱ्यात न टाकता रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी लावून तिच्यात टाकायला सांगा आणि शस्त्रक्रिया संपली की लगेच स्टोअरच्या माणसाने जाऊन ती स्कॅन करावीत.