औषध घरपोच येते, प्रश्न कोणाला विचारायचा?

अ‍ॅप, ई-प्रिस्क्रिप्शन आणि काउंटरवरचा संगणक यांमुळे रुग्ण आणि फार्मासिस्ट यांच्या नात्यात होत असलेल्या बदलांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझे वय सत्तरीच्या पुढे असून रक्तदाब, थायरॉईड आणि सांधेदुखी यांसाठी मला औषधे घ्यावी लागतात. पूर्वी औषधे देणारे गृहस्थ मला नावाने ओळखत आणि एखादी नवी गोळी दिसली की, ‘ही कोणी दिली?’ असे आवर्जून विचारत. आता मुलाने अ‍ॅपवर सोय करून दिली आहे. औषधे वेळेवर येतात, पण महिनोन्‌महिने माझे कोणाशी बोलणे होत नाही. यात माझे खरोखर काही नुकसान होत आहे, की ही केवळ जुन्या दिवसांची हळहळ आहे? – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : ‘ही कोणी दिली?’ हा प्रश्न विचारणे हीच त्या गृहस्थांची खरी सेवा होती, आणि तो प्रश्न विचारणारे आज कोणीच नसेल तर तुमचे नुकसान होत आहे, असे मी स्पष्टपणे सांगेन. तुमचेच उदाहरण घेऊ. सांधेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांमुळे रक्तदाब वाढू शकतो, आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर, विशेषतः लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्याही चालू असतील तर, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत साधारणपणे चार तासांचे अंतर ठेवावे लागते. एरवी थायरॉईडचे औषध शरीरात नीट शोषले जात नाही आणि तपासणीत आकडे बिघडलेले दिसले की डोस विनाकारण वाढवला जातो. वेदनाशामक आणि कॅल्शियम अनेकदा चिठ्ठीशिवायच घेतले जातात. तुमच्या अ‍ॅपला अ‍ॅपवरून घेतलेली औषधे ठाऊक असतात. दुसरीकडून आणलेली गोळी त्याच्या हिशेबातच नसते. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती तुमच्या हातात दिसत असे.

याचा अर्थ जुनी पद्धत निर्दोष होती, असा मुळीच नाही. न वाचता येणाऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आणि सारख्या दिसणाऱ्या नावांचा घोळ यांमुळे चुका होत असत, आणि संगणकावर लिहिलेल्या चिठ्ठीने निदान अक्षराचा प्रश्न संपवला. एस्टोनियाने २०१० मध्ये देशभर ई-प्रिस्क्रिप्शनची पद्धत सुरू केली, तेव्हापासून तेथील रुग्ण कोणत्याही औषधालयात जाऊन ओळखपत्र दाखवतो आणि त्याची चिठ्ठी पडद्यावर उघडते. आजारी माणसासाठी ही मोठी सोय आहे, आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की, जी आठवण पूर्वी एका माणसाकडे असे ती आता नोंदींकडे गेली आहे, आणि नोंदीत लिहून दिलेले औषध असते. प्रत्यक्ष घेतलेले असेलच असे नाही. विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नोंदवले होते. पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसते आणि खणात अर्ध्या स्ट्रिपा साठत जातात.

दर महिन्याला आपोआप येणाऱ्या मागणीत आणखी एक धोका आहे. डॉक्टरांनी औषध बंद केले तरी ती बातमी औषध पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. अमेरिकेत तर ‘हे औषध रद्द करा’ असा संदेश डॉक्टरांच्या संगणकावरून औषधालयाकडे जावा यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागली, कारण नवी चिठ्ठी पाठवणारी व्यवस्था असूनही थांबवलेल्या औषधाची माहिती वाटेतच अडकत होती. म्हणून डॉक्टरांनी काही बदल केला की अ‍ॅपमधील मागणी त्याच दिवशी मुलाकडून बदलून घ्यावी.

दूर असणे हा काही दोष नव्हे. ऑस्ट्रेलियातील दुर्गम वस्त्यांमध्ये १९४२ पासून क्रमांक घातलेल्या औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या आणि शेकडो मैलांवरचे डॉक्टर रेडिओवर चौकशी करून कोणत्या क्रमांकाचे औषध द्यायचे ते सांगत. पलीकडे ऐकून घेणारा माणूस होता, म्हणून ती व्यवस्था उपयोगी पडली. तुमच्या अ‍ॅपच्या मागेही फार्मासिस्ट असायला हवा. त्याच्याशी बोलता येईल असा दूरध्वनी क्रमांक मागा आणि एकदा निवांत बसून घरात असलेली प्रत्येक गोळी, मलम, थेंब आणि काढा त्याला सांगा. असा माणूस उपलब्धच नसेल, तर ती सेवा केवळ वाहतुकीची आहे असे समजावे आणि महिन्यातून एकदा तरी औषधांची पिशवी घेऊन ओळखीच्या काउंटरवर जावे.

प्रश्न : संकेतस्थळावरून औषध घेताना ते खरे आहे की बनावट, हे कसे ओळखावे?

उत्तर : जे संकेतस्थळ चिठ्ठी न मागता चिठ्ठीचे औषध देते, आपला पत्ता लपवते किंवा फार्मासिस्टचे नाव सांगत नाही, तेथून काहीही घेऊ नये. युरोपीय संघात २०१५ पासून अधिकृत ऑनलाइन औषधालयांसाठी एक समान बोधचिन्ह सक्तीचे आहे आणि त्यावर क्लिक केल्यावर राष्ट्रीय नोंदणीच्या यादीत त्या औषधालयाचे नाव तपासता येते. तुमच्याकडे असे चिन्ह नसेल, तर परवाना क्रमांक नियामक संस्थेच्या यादीशी ताडून पाहावा.

प्रश्न : माझे बाबा एकटे राहतात आणि त्यांची औषधे मी दुसऱ्या शहरातून अ‍ॅपवर सांभाळते. फार्मासिस्ट सर्व संदेश मलाच पाठवतात. परवा बाबा रागाने म्हणाले, ‘माझ्या गोळ्यांबद्दल सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही.’ गोळी घेतली की नाही ते कळवणारी डबी आणावी, असा माझा विचार होता; आता आणावी की नाही, ते समजत नाही.

उत्तर : बाबांचे म्हणणे रास्त आहे. तुमची काळजी खरी आहे यात मला शंका नाही. पण गोळी गिळणारे ते आहेत, चक्कर आली तर ती त्यांना येणार आहे, आणि तरीही त्यांच्या औषधांविषयीचा संवाद त्यांना वगळून चालला आहे. तंत्रज्ञानाने मुलांना दुरून मदत करण्याची जी वाट करून दिली, तिच्यात ही चूक नकळत होते: ज्याच्या फोनवर अ‍ॅप, तोच रुग्ण असे सगळे धरून चालतात.

फार्मासिस्टांना सांगा की पहिला फोन बाबांना करावा आणि त्यांच्या संमतीने तुम्हाला कळवावे. बाबांना कमी ऐकू येत असेल तर फोनवर तिघांनी एकत्र बोलावे, पण प्रश्न बाबांना विचारले जावेत. एखाद्या गोळीने रात्री चारदा उठावे लागते म्हणून ते ती टाळत असतील, तर हे त्यांच्याकडूनच कळेल. अनेकदा घेण्याची वेळ बदलल्याने असा प्रश्न सुटतो, मात्र तो निर्णय डॉक्टर किंवा फार्मासिस्ट यांच्याशी बोलूनच घ्यावा.

डबीविषयी सांगायचे तर, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये पोटात गेल्यावर संकेत पाठवणारी एक मानसोपचाराची गोळी मंजूर केली होती. तो संकेत त्वचेवर चिकटवलेल्या पट्टीमार्फत फोनवर येतो आणि कोणाला दाखवायचा ते रुग्ण ठरवतो. एवढे असूनही, या गोळीमुळे रुग्ण औषध अधिक नियमितपणे घेतात हे सिद्ध झालेले नाही, असे तिच्या माहितीपत्रकातच नमूद करण्यात आले. गोळी चुकली हे यंत्र सांगेल, पण ती का चुकली हे सांगणार नाही. बाबांनी स्वतः विसरण्याची तक्रार केली आणि डबी मागितली, तर जरूर आणा. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी मात्र आणू नका.

आणखी एक वेळ लक्षात ठेवा. बाबा कधी रुग्णालयातून घरी आले, तर त्या दिवशी अ‍ॅपवर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा एका ठिकाणच्या उपचारांतून दुसरीकडे जाण्याचा टप्पा हा तीन मुख्य धोक्याच्या जागांपैकी एक मानला होता. जुनी यादी आणि रुग्णालयाची नवी यादी शेजारी ठेवून फार्मासिस्टांकडून एकेक ओळ तपासून घ्यावी. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी घेतले जाण्याचे प्रकार नेमके याच वेळी घडतात.

प्रश्न : औषधाची शंका मी आता चॅटबॉटला विचारतो. फार्मासिस्टना हे सांगायला संकोच वाटतो. त्यांना अपमान वाटेल का?

उत्तर : वाटू नये, आणि वाटला तरी तुम्ही सांगावे. चॅटबॉटकडून मिळालेली सर्वसाधारण माहिती बऱ्याचदा बरोबर असते, परंतु तो चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतो, आणि तुमचे मूत्रपिंड कसे काम करते किंवा तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेता का, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. त्याचे उत्तर तसेच दाखवून, ‘यातले मला किती लागू पडते?’ असे विचारावे. चांगल्या फार्मासिस्टला त्यातून तुमची भीती कशाची आहे ते समजते, आणि बोलणे मुद्द्यावर येते. त्या उत्तराच्या आधारे औषध परस्पर बंद करणे किंवा डोस बदलणे मात्र कटाक्षाने टाळावे.

प्रश्न : मी तरुण फार्मासिस्ट आहे. संगणक दर दुसऱ्या चिठ्ठीवर धोक्याची सूचना दाखवतो. त्या बंद करता करता समोरच्या माणसाकडे पाहायचेच राहून जाते. काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला समाधान वाटले, कारण ही खंत जिवंत असणे फार मोलाचे आहे. दोष तुमच्या एकाग्रतेचा नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, औषधसुरक्षेच्या संगणकीय सूचनांपैकी ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर बाजूला सारतात, असे दिसून आले होते. किरकोळ आणि गंभीर धोके एकाच आवाजात सांगितले गेले, तर माणूस दोन्हींकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ज्या सूचना तुम्ही रोज बंद करता त्यांची यादी ठेवा आणि त्यांची पातळी कमी करण्याची मागणी कारणांसह तुमच्या वरिष्ठांकडे करा. संगणकाची घडी बसवणे हे आता आपल्या व्यवसायाचे काम आहे. ते केवळ संगणक विकणाऱ्यांवर सोडता येणार नाही.

१९९० मध्ये चार्ल्स हेप्लर आणि लिंडा स्ट्रँड या अमेरिकेतील फार्मसीच्या अभ्यासकांनी मांडले होते की, फार्मासिस्टची जबाबदारी औषध हातात दिल्यावर संपत नाही; त्या औषधाने रुग्णाचे जगणे सुधारले की नाही, याचेही उत्तरदायित्व त्याच्यावर असते. ही कल्पना अमलात आणायला त्या काळी वेळ नव्हता. आज मोजणी, लेबल आणि साठ्याचा हिशेब यंत्रे करू लागली आहेत, आणि वाचलेला तो वेळ आणखी चिठ्ठ्या उरकण्यात घालवला जात असेल, तर मला ते व्यवसायाचे मोठे अपयश वाटते.

रोजच्या कामासाठी अमेरिकेतील मूळनिवासींच्या सरकारी आरोग्यसेवेत रूढ झालेले तीन प्रश्न वापरून पाहा: हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले, ते कसे घ्यायला सांगितले, आणि त्याने काय होईल असे सांगितले? ‘कळले ना?’ या प्रश्नाला प्रत्येक जण मान डोलावतो. या तीन प्रश्नांना मात्र रुग्णाला स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावे लागते आणि गैरसमज तेथेच उघड होतो. नवे औषध सुरू होणाऱ्या प्रत्येकाला हे प्रश्न विचारा, आणि ते विचारताना पडदा थोडा बाजूला वळवून ठेवा. घरपोच औषधे घेणाऱ्यांसाठी तेच प्रश्न पहिल्या फोनवर विचारता येतात. त्यासाठी दिवसातली एक ठरावीक वेळ राखून मिळावी, असा आग्रह तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी मिळून धरावा.