पाणी कुठून आलं, त्यावर भरपाई ठरते

वाचकांचे प्रश्न : घर आणि विमा

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. नळाला पाणी कितीतरी दिवसांनी, तेही अपरात्री येतं. गेल्या महिन्यात गच्चीवरची टाकी भरून वाहिली, पाणी जिन्याने घरात शिरलं. गाद्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले कपडे आणि वॉशिंग मशीन गेलं. घरमालक म्हणतात, "बिल्डिंगचा विमा आहे, त्यात बघू." त्यात आमचं सामान येतं का? नसेल तर काय घ्यावं?

उत्तर : येत नाही. मालकाचा विमा इमारतीचा आणि फार तर त्याच्या स्वतःच्या वस्तूंचा. तुमच्या गादीचा विमा तुमच्याच नावाने उतरवावा लागतो. झालेलं नुकसान आता विमा काढून भरून निघणार नाही, पण पुढचं निघू शकतं.

'भाडेकरू पॉलिसी' अशा नावाची वस्तू शोधत हिंडू नका. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरलेल्या मजकुराची पॉलिसी आहे. तिच्यात इमारत सोडून फक्त घरातल्या सामानाचा विमा घेता येतो. अर्जात हाच पर्याय निवडा आणि पत्ता भाडेकरारातला शब्दशः लिहा. करार ११ महिन्यांचा असेल आणि घर बदलायचं मनात असेल, तर एका वर्षाचीच मुदत घ्या. बदललात की नवा पत्ता कंपनीला लेखी कळवा.

आता पाण्याचं. एजंट सहज म्हणून जातो, "पाण्याचं सगळं कव्हर आहे." तसं नसतं. पूर आणि परिसरात साचून घरात शिरलेलं पाणी यात येतं. वादळही येतं. पाण्याची टाकी, पाईप किंवा पाण्याचं उपकरण फुटणं आणि भरून वाहणं हेही येतं, म्हणजे तुमची टाकी याच कलमात बसते. जुन्या स्लॅबमधून दर पावसाळ्यात झिरपणारं पाणी, भिंतीची ओल, बुरशी हे मात्र अचानक घडलेलं नुकसान नव्हे. ते दुरुस्तीचं काम आहे, ते मालकाकडून करून घ्या. वादाची जागा या दोन्हींच्या मधे आहे : पाणी नसताना नळ उघडा राहिला, रात्री पाणी आलं आणि मोरी तुंबून घरभर पसरलं. टाकी वाहिली नाही, पाईपही फुटला नाही. आपल्याकडे घडतं ते बहुतेक वेळा हेच, म्हणून विम्याचे पैसे भरण्याआधी हे यात येतं का, ते कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं "हो साहेब" दाव्याच्या वेळी उपयोगाचं नाही.

रक्कम ठरवताना वस्तू किती जुनी ते न बघता आज तशीच नवी घ्यायला किती लागतील ते लिहा. उदाहरणार्थ फ्रिज २५,०००, वॉशिंग मशीन २०,०००, टीव्ही ३०,०००, लोखंडी कपाट १५,०००, पलंग-गाद्या ३५,०००, कपडे आणि भांडी ६०,०००, लॅपटॉप ४५,०००, इन्व्हर्टर-बॅटरी २५,०००. बेरीज २,५५,०००. कपडे आणि भांडी लोक विसरतात किंवा दहा हजारांत उरकतात, आणि पाण्यात सगळ्यात आधी तेच जातं. एकदा घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढा, मशीनच्या मागच्या पट्टीवरचा नंबर दिसेल असा, आणि तो दुसऱ्या कुणालातरी पाठवून ठेवा.

प्रश्न : नांदेडला गोदावरीच्या बाजूला तळमजल्यावर खोली आहे. सामानाचा विमा काढला आहे. पाणी शिरलंच तर काय करायचं?

उत्तर : विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की वीज मेन स्विचवरून बंद करा आणि उचलता येईल ते माळ्यावर टाका. पाणी ओसरल्यावर घर धुवायच्या आधी फोटो काढा. भिंतीवर पाण्याची जी रेघ उरते, तिच्याजवळ मोजपट्टी धरून काढलेला फोटो सगळ्यात कामाचा. कंपनीला लगेच कळवून दाव्याचा नंबर घ्या. फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

भिजलेला फ्रिज "चालतो का बघू" म्हणून लावू नका. शॉर्टसर्किटने जळालेलं यंत्र या पॉलिसीत वगळलेलं आहे. पुराने गेलं की प्लग लावल्याने, हा वाद आपल्याच हाताने कशाला ओढवून घ्यायचा? वास मारणारी गादीही सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान पाहायला येणारा माणूस) बघून जाईपर्यंत टाकू नका. घरात नको असेल तर अंगणात ठेवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत दाव्याला जोडा, पण सर्व्हेअरच्या पाहणीची जागा तो घेत नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : कपाटात सोनं आणि थोडी रोकडही असते. तीही यात धरायची का? (लातूर)

उत्तर : रोकड नाही. दागिने साध्या सामानात येत नाहीत. मौल्यवान वस्तूंचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं.

प्रश्न : आमच्या वॉशिंग मशीनचा पाईप निसटला आणि खालच्यांचं पीओपी पडलं. ते भरपाई मागताहेत. आमचा सामानाचा विमा चालेल? (परभणी)

उत्तर : नाही. तो तुमच्या वस्तूंचा आहे, दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यात नाही. काही कंपन्यांच्या गृहविमा पॅकेजमध्ये त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा भाग असतो; पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी तो आहे का आणि भाडेकरूला लागू होतो का, ते विचारा. सध्या खालच्यांशी बसून दुरुस्तीचा लेखी अंदाज मागवा, आणि मशीनचा नळ वापर झाला की बंद करत जा.