बोटुकली तिसऱ्या दिवशी का मरते?

प्रश्न : आमच्या शेततळ्यासाठी रोहू-कटल्याची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून आणली. पोहोचली तेव्हा एकही मेलेली नव्हती; तिसऱ्या दिवसापासून मात्र काठाला मेलेले मासे दिसू लागले. बीज खराब होते का?
— एक वाचक, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : बीजाला दोष देण्यापूर्वी प्रवासाचा विचार करावा. जाळ्यात सापडणे, पाण्याबाहेर येणे, दाटीत कोंडले जाणे, या प्रत्येक वेळी माशाच्या रक्तात ताणाची संप्रेरके वाढतात : ॲड्रेनॅलिन तत्काळ आणि कॉर्टिसॉल काही मिनिटांत. रक्तातील साखर चढते, श्वसन वेगवान होते आणि कल्ल्यांतून अधिक रक्त वाहू लागते. गोड्या पाण्यातील माशाला हे महागात पडते, कारण त्याच कल्ल्यांतून शरीरातील क्षार बाहेर झिरपतात व पाणी आत शिरते. वाहतुकीच्या पाण्यात लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम मीठ घालतात ते ही गळती कमी करण्यासाठीच.

कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिले की रोगप्रतिकारशक्ती मंदावते. त्यातच हाताळणीत खवले निघालेले आणि अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेलेला असेल, तर तळ्यात एरवीही असणाऱ्या एरोमोनास जिवाणूंना व बुरशीला वाट मोकळी होते. हा संसर्ग उघड व्हायला काही दिवस जातात. त्यामुळे पिशवी उघडतानाची जिवंत संख्या मला फारशी विश्वासार्ह वाटत नाही.

दुसरे कारण माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात साचणारा अमोनिया. बंद पिशवीत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) उतरतो आणि अमोनियाची विषाक्तता दबलेली राहते. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक ठरतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून तापमान जुळवावे. उघडल्यावर तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळावे, पण रेंगाळू नये. हिरव्यागार शेततळ्यात दुपारी सामू बराच चढलेला असतो, तेव्हा बोटुकली कोवळ्या उन्हात सोडलेली बरी.

पुढच्या वेळी बीज भरण्यापूर्वी किमान एक दिवस उपाशी ठेवले होते का, हे विक्रेत्याला विचारा; भरल्या पोटी निघालेला मासा पाणी लवकर नासवतो. वाटेत गाडी ढाब्यापुढे उन्हात उभी राहणार नाही, हेही बजावा. शिवाय थोडी बोटुकली तळ्यातच हाप्यात (बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) आठवडाभर वेगळी ठेवून रोज मोजल्यास खरी मरतूक कळेल आणि विक्रेत्याशी बोलताना हाती काही आधार राहील.