सर्टिफिकेट भिंतीवर, पोरगा पुण्यात

प्रश्न : माझ्या मुलाचं डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही आलं. तो पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो. गावातले एक मेडिकलवाले म्हणतात, "नुसतं सर्टिफिकेट लावू द्या, महिन्याला चार हजार देतो. त्याला यायची गरज नाही." झेरॉक्स आणि फोटो दिलेत, सही अजून केलेली नाही. त्याची खोली, मेस सगळं आम्हालाच बघावं लागतं. सगळेच असं करतात म्हणे. हो म्हणू का?
– एक आई, सोलापूर जिल्हा

ताई, सही केलेली नाही ना? मग करू देऊ नका.

"सगळेच करतात" हे पूर्ण खरं नसलं तरी पूर्ण खोटंही नाही. डी.फार्म.चा निकाल लागला की असे निरोप येतातच. चार हजारांनी मेसचं बिल भागतं, हेही मला कळतं. पण रजिस्ट्रेशन म्हणजे खंडाने द्यायची जमीन नव्हे. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. दुकानाला परवाना देते एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन. फार्मासिस्टची नोंदणी असते राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे. मेडिकलवाल्यांना काळजी फक्त त्यांच्या परवान्याची. मुलाच्या नोंदणीचं काय होईल, यावर ते बोलणार नाहीत.

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 मध्ये गैरवर्तनाची यादी आहे. दुकानात हजर न राहता मालकाला आपलं सर्टिफिकेट वापरू देणं त्यात स्पष्ट लिहिलंय. एकाच फार्मासिस्टचं सर्टिफिकेट दोन दुकानांत असणं, तेही त्यातच. गैरवर्तन सिद्ध झालं तर कौन्सिल रजिस्टरमधून नाव काढू शकते. मग ते डी.फार्म. भिंतीवर लावण्यापुरतंच.

आता त्या दुकानात रात्री आठ वाजता काय चालतं ते बघा. काउंटरला दहावी झालेला पोरगा. समोर संधिवाताच्या आजीबाईंचा नातू, हातात चिठ्ठी, त्यावर मेथोट्रेक्सेट. ही गोळी संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. शिकलेला फार्मासिस्ट इथे थांबतो, वार विचारतो, पाकिटावर "फक्त सोमवारी" असं लिहून देतो. काउंटरवरचा पोरगा कात्रीने पट्टी कापतो आणि "रोज एक" म्हणून मोकळा होतो. वाईट हेतू नसतो त्याचा, त्याला माहीतच नसतं. पण त्या दुकानाचा फार्मासिस्ट म्हणून कागदावर नाव तुमच्या मुलाचं. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनेवरची गोळी अशा शेड्यूल एच-वन यादीतल्या औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, ते तीन वर्षं जपावं लागतं. त्यातल्या नोंदींबद्दल विचारणा झाली तर पुण्यात अभ्यासिकेत बसलेला मुलगा काय उत्तर देणार?

"कोण येतंय तपासायला?" असंही ते म्हणतील. 2012 च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीवरून राज्यभर इतकी कडक तपासणी झाली की केमिस्ट मंडळींनी बंद पुकारले होते. आज तितका धाक नाही हे मान्य. तरी औषध निरीक्षक येतात, फार्मासिस्ट गैरहजर दिसला की नोटीस निघते, परवाना निलंबित होतो. मालक दुसरं सर्टिफिकेट शोधतो. तुमच्या मुलाला दुसरं मिळणार नाही. शिवाय तो सरकारी नोकरीच्या मागे आहे. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी असते. प्रकरण गुन्ह्यापर्यंत गेलं असेल, तर चार हजारांचा हिशेब तिथे चुकवावा लागेल.

मग खर्चाचं काय? पुण्यात मेडिकल आणि हॉस्पिटल फार्मसी भरपूर आहेत, दोन पाळ्यांत चालणारीही. त्याने संध्याकाळची पाळी खरोखर करावी. अभ्यासाचे काही तास जातील, पण मिळेल तो पगार असेल आणि अनुभवाचं पत्रही हातात येईल. एमपीएससीच्या जोडीने जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकारी पदाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवू दे, तिथे डी.फार्म. आणि नोंदणी चालते. औषध निरीक्षक व्हायचं मनात असेल तर मात्र डिप्लोमा पुरत नाही, पदवी लागते. डी.फार्म.वर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझं मत विचाराल तर वयाचा विचार करता हाच रस्ता जास्त भरवशाचा आहे. नुसत्या एमपीएससीवर सगळं टाकलेली मुलं रोज भेटतात मला.

आधी तेवढे झेरॉक्स आणि फोटो परत घ्या. त्यांच्या अर्जात मुलाचं नाव आधीच गेलं असेल, तर कागद परत घेऊन भागणार नाही. "मी या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करत नाही व करणार नाही" असं पत्र मुलाने स्वतःच्या सहीने मालकाला द्यावं आणि जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे दुसरी प्रत द्यावी. पोच म्हणून शिक्का मारून घ्या. मेडिकलवाले ओळखीचे असतील, थोडं वाईट वाटेल त्यांना. त्यांना खरंच फार्मासिस्ट हवा असेल तर पूर्ण पगार देऊन ठेवता येतो, तसं तोंडावर सांगायला हरकत नाही.